हार्ट फेल्युअर झालेल्या ज्येष्ठांनी किती चालावे, किती चढावे

हृदयाला शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलता येत नाही, किंवा ढकलता आले तरी त्यासाठी हृदयातील दाब इतका वाढतो की फुप्फुसांत आणि पायांत पाणी साठू लागते, अशा दीर्घकाळ चालणाऱ्या अवस्थेला हार्ट फेल्युअर म्हणतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने एकामागून एक लागणाऱ्या शहरांतील घरांत या आजाराचा उल्लेख बहुधा ‘पंपिंग कमी झाले आहे’ असा होतो, आणि त्याला आधार असतो तो टू-डी एको या सोनोग्राफीसारख्या तपासणीतील एका आकड्याचा. हा आकडा, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर टाकले जाते ते सांगतो. निरोगी माणसात तो साधारण ५० ते ७० असतो आणि ४० किंवा त्याहून कमी झाला की हृदयाची आकुंचनशक्ती घटली असे मानले जाते. मात्र ज्यांना अनेक वर्षांचा रक्तदाब, मधुमेह किंवा स्थूलता आहे अशा वृद्धांत, आणि त्यांतही स्त्रियांत, हा आकडा ५० च्या वर असूनही हृदयाचा स्नायू ताठर झाल्यामुळे हार्ट फेल्युअर होऊ शकते. त्यामुळे ‘पंपिंग चांगले आहे, दम वयामुळे लागतो’ हा निष्कर्ष घरच्या घरी काढू नये.

निदानानंतरचा पहिला प्रश्न औषधांचा असतो आणि त्याचे उत्तर डॉक्टर देतात. माणसाने आता चालावे किती, जिना चढावा की नाही, घरातले कोणते काम करावे, हा दुसरा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही आणि घरातील माणसे प्रेमापोटी त्याचे उत्तर स्वतःच देऊन टाकतात: पूर्ण आराम. आजार स्थिर असताना असा पूर्ण आराम आता उपचार मानला जात नाही, कारण तो मूळ दुखण्यावर आणखी एक दुखणे लादतो. हालचालही औषधासारखी मात्रेने द्यावी लागते, आणि ती मात्रा ठरवताना एकोच्या अहवालाबरोबरच घराचा मजला, नळाला पाणी येण्याची वेळ, स्टेशनचा पूल आणि बाहेरचे ऊन यांचाही हिशेब करावा लागतो.

आरामाने काय बिघडते

एकेकाळी डॉक्टरही सक्तीची विश्रांतीच सांगत. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणावर ठेवले जाई, आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी बॉस्टनमधील सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्यास सुरुवात केली तेव्हा ते मोठे धाडस वाटले होते. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून त्यांची शारीरिक क्षमता मोजण्यात आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा असे दिसले की त्या तीन आठवड्यांनी त्यांची क्षमता जितकी खाली आणली होती तितकी मधल्या तीस वर्षांच्या वयवाढीनेही आणली नव्हती. निरोगी तरुणांची ही गत असेल, तर सत्तरी गाठलेल्या आणि आधीच थकलेल्या शरीरावर महिनाभराच्या अंथरुणाचा परिणाम किती खोल होत असेल याची कल्पना करता येते.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात. हार्ट फेल्युअरमधील थकव्याचे मूळ एकट्या हृदयात नसते. मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू बारीक होतात, त्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या कमी होतात आणि रक्तातून आलेला प्राणवायू वापरण्याची त्यांची शक्ती घटते, त्यामुळे तेवढ्याच कामाला अधिक श्वास लागतो. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसल्यामुळे स्नायू आणखी झडतात, आणि काल जिन्यावर लागणारा दम आज न्हाणीघरापर्यंत जाताना लागू लागतो. हृदयाचा स्नायू पूर्ववत होणे नेहमीच शक्य नसते, परंतु पायांचे स्नायू सत्तरीतही, ऐंशीतही, कामाला लावले की पुन्हा बळ धरतात.

याची पडताळणी मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स येथील २,३३१ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एचएफ-ॲक्शन’ या अभ्यासात इजेक्शन फ्रॅक्शन ३५ किंवा त्याहून कमी असलेल्या माणसांना नियमित व्यायाम दिला गेला. मृत्यू आणि रुग्णालयातील भरती यांत पडलेला फरक माफक होता, पण व्यायाम सुरक्षित ठरला आणि रुग्णांचे रोजचे जगणे सुधारले. वृद्धांच्या दृष्टीने २०२१ मधील ‘रिहॅब-एचएफ’ हा अभ्यास अधिक मोलाचा आहे, कारण त्यात साठीच्या पुढचे, नुकतेच हार्ट फेल्युअर बळावून रुग्णालयात आलेले ३४९ रुग्ण होते आणि त्यांना केवळ चालायला न लावता तोल, बळ, हालचालीची सहजता आणि दमसास या चारही अंगांवर काम करायला दिले गेले. उभे राहण्याचा तोल, चालण्याचा वेग आणि खुर्चीतून उठणे यांवर आधारलेल्या १२ गुणांच्या चाचणीत तीन महिन्यांनी व्यायाम केलेल्यांना सरासरी ८.३ आणि इतरांना ६.९ गुण मिळाले. पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण मात्र सहा महिन्यांत कमी झाले नाही. व्यायामाने आजार बरा होतो असे म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरेल. स्वतःच्या पायांवर उठता-बसता येणे, आधाराशिवाय न्हाणीघरात जाता येणे हा त्याचा लाभ आहे, आणि वृद्ध माणसाला तो किरकोळ वाटत नाही.

भारतात हा आजार लवकर गाठतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. देशभरातील ५३ रुग्णालयांतून दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करणाऱ्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवहीत रुग्णांचे सरासरी वय सुमारे ६० आढळले, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील रुग्णांपेक्षा साधारण दहा वर्षांनी कमी. कारखान्यातून किंवा कार्यालयातून नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाला साठीतच अंथरुणाला खिळवून ठेवणे म्हणजे त्याच्या आयुष्याची उरलेली वर्षे आधीच खर्ची घालणे होय.

मात्रा कशी ठरवावी

न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये आखलेली आणि पुढे सुधारत नेलेली चार पायऱ्यांची वर्गवारी आजही डॉक्टरांच्या कागदांवर दिसते, आणि ती घरातल्यांनाही समजेल इतकी सोपी आहे. रोजच्या कामात कोणताही त्रास नसेल तर पहिली पायरी. सपाट रस्त्यावर ठीक पण स्टेशनचा पूल किंवा दोन मजले चढल्यावर दम लागत असेल तर दुसरी. कपडे घालताना, आंघोळ करताना किंवा एका खोलीतून दुसरीत जाताना धाप लागत असेल तर तिसरी. आणि स्वस्थ बसलेले असतानाही दम लागत असेल, रात्री उशा वाढवाव्या लागत असतील, तर चौथी. पहिल्या तीन पायऱ्यांवरील, औषधे नीट लागू पडलेल्या आणि काही आठवडे प्रकृती न बिघडलेल्या रुग्णांसाठीच पुढील सूचना आहेत. चौथ्या पायरीवर आधी उपचार बदलावे लागतात. छातीत वेदना होत असतील, झडप गंभीररीत्या अरुंद झाली असेल, ठोके अनियमित आणि अनियंत्रित असतील किंवा ताप असेल, तर व्यायाम सुरू करू नये. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना एक थेट प्रश्न विचारून उत्तर कागदावर लिहून घ्यावे: ‘किती चालू, आणि जिना चढू का?’ अंबरनाथचे छाया रुग्णालय, उल्हासनगर कॅम्प ३ मधील मध्यवर्ती रुग्णालय किंवा जिथे उपचार चालू असतील ते रुग्णालय, तिथे गेल्यावर फिजिओथेरपिस्टकडून पहिले काही दिवस चालणे तपासून घेता येईल का, अशी चौकशी करणेही उपयोगाचे आहे.

परवानगी मिळाल्यावर आरंभ इतका लहान असावा की घरच्यांना तो हास्यास्पद वाटावा. रुग्णालयातून नुकत्याच घरी आलेल्या माणसाने सपाट जागी तीन ते पाच मिनिटे, सावकाश, दिवसातून दोन-तीनदा चालावे; तीन-चार दिवस ते सोसले तर प्रत्येक फेरीत एक-दोन मिनिटे वाढवावीत, आणि काही आठवड्यांत आठवड्यातील बहुतेक दिवशी एकूण वीस-तीस मिनिटांपर्यंत यावे. आधी वेळ वाढवावी, वेग नंतर. चालण्याआधी आणि नंतर चार-पाच मिनिटे अगदी मंद पावले टाकावीत, कारण एकदम थांबल्यास रक्त पायांत साठून चक्कर येऊ शकते. जेवणानंतर किमान तास-दीड तास जाऊ द्यावा.

जोर किती लावावा याचे माप अनेकजण नाडीत किंवा मनगटावरील घड्याळात शोधतात, परंतु मेटोप्रोलोल, कार्व्हेडिलोल, बिसोप्रोलोल यांसारखी बीटा-ब्लॉकर औषधे ठोके मुद्दाम मंद ठेवतात, आणि एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित ठोक्यांच्या विकारात नाडीचा आकडाच विश्वासार्ह राहत नाही, म्हणून हृदयाच्या रुग्णांसाठी बोलणे हे अधिक चांगले माप आहे. चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दर दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त झाला. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेल्या ६ ते २० आकड्यांच्या मापपट्टीवर, जिथे ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे कमाल श्रम, हा टप्पा ११ ते १३ च्या आसपास येतो. चालून आल्यावर तासाभरात थकवा उतरला नाही, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी अंग जड राहिले, तर आदल्या दिवशीची मात्रा अधिक होती असे समजून ती कमी करावी.

मोबाइलमधील पावलांच्या मोजणीबद्दल एक गोष्ट स्पष्ट असावी. दिवसाला दहा हजार पावले हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून लोकप्रिय झाला, तो कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाने हार्ट फेल्युअरच्या रुग्णासाठी ठरवलेला नाही. ज्याची पावले दिवसाला हजारभर आहेत त्याने पंधराशेपर्यंत जाणे हीच त्याची प्रगती असते, आणि मुलाच्या किंवा सुनेच्या आकड्याशी तिची तुलना करणे अन्यायाचे आहे.

जिना, पाणी आणि स्टेशनचा पूल

स्वस्थ बसलेले शरीर जितका प्राणवायू वापरते त्याला एक मेट असे एकक मानतात. सपाट रस्त्यावर सावकाश चालण्यास दोन-तीन मेट लागतात, जिना चढण्यास चार किंवा त्याहून अधिक. आणि हार्ट फेल्युअर असलेल्या अनेक वृद्धांची कमाल क्षमताच चार-पाच मेटच्या आसपास असते. निरोगी माणसाला जे किरकोळ वाटते ते या माणसाकडून त्याची सगळी शक्ती मागून घेते, म्हणूनच ‘दोन मजलेच तर आहेत’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये.

या तीन शहरांत जिन्याचा प्रश्न बहुतेक कुटुंबांना टाळता येत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले गेले. त्या बराकी जमिनीलगत होत्या, पण पुढच्या दशकांत त्यांच्या जागी आणि आसपास चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांपैकी अनेकींना लिफ्ट नाही. ज्या पिढीने बालपणी तो प्रवास केला ती आज ऐंशीच्या घरात आहे आणि तिच्यातील कितीतरी माणसे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतात. अंबरनाथमधील जुन्या सोसायट्यांतही हेच चित्र आहे. बदलापुरातील नव्या इमारतींना लिफ्ट असते खरी, परंतु वीज गेली की तीही थांबते.

लिफ्ट नसलेल्या घरातील रुग्णाने खाली उतरण्यापूर्वीच परत चढण्याचा विचार करावा, कारण उतरताना दम लागत नाही आणि शक्ती संपल्याचे चढतानाच कळते. दिवसातून एकदाच उतरावे, सगळी कामे त्या एका फेरीत बसवावीत, आणि चालून आल्यावर लगेच जिना न चढता खाली दहा-पंधरा मिनिटे बसावे. चढताना कठड्याला धरावे, पाऊल वर टाकताना श्वास सोडावा, श्वास कधीही रोखू नये, आणि दम लागण्याची वाट न पाहता प्रत्येक अर्ध्या जिन्याच्या वळणावर थांबावे. सोसायटीने मधल्या मजल्यावर एक साधी खुर्ची ठेवली तर अनेक वृद्धांचे बाहेर पडणे सुरू राहू शकते. हा खर्च अत्यल्प आहे आणि सोसायटीच्या सभेत त्याचा आग्रह धरायला कोणालाही संकोच वाटण्याचे कारण नाही. हातात पिशवी घेऊन चढू नये. वीज गेलेली असेल तर खाली थांबावे, सहावा मजला पायी गाठण्याचा प्रयत्न करू नये. ज्यांना जिना मुळीच झेपत नाही त्यांनी घरातच चालावे: पाच मीटर लांबीच्या खोलीत वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत गेले की शंभर मीटर होतात, आणि गॅलरी किंवा मजल्यावरचा सामाईक व्हरांडा असेल तर ते अधिक सुखाचे होते.

पाणी भरणे हा या भागातील वृद्धांचा, आणि त्यांतही स्त्रियांचा, सर्वांत दुर्लक्षित श्रम आहे. नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, ती वेळ पहाटेची किंवा दुपारची असू शकते, मुलगा आणि सून लोकलने कामावर गेलेली असतात, आणि हार्ट फेल्युअर असलेली आजी वीस लिटरची बादली ओढत असते, जिचे वजन पाण्यासह वीस किलोहून अधिक भरते. वजन उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, त्याने छातीतील दाब आणि रक्तदाब एकदम चढतो, आणि थकलेल्या हृदयाला तोच क्षण अवघड जातो. ‘आईचा व्यायाम घरकामात होतोच’ असे म्हणणाऱ्या कुटुंबांनी हे ओळखले पाहिजे की वाकून झाडणे, बादल्या उचलणे आणि उकिडवे बसून कपडे धुणे हे मापून दिलेले चालणे नव्हे. त्याचा जोर एकदम येतो आणि त्यावर तिचा ताबा नसतो. पाईप थेट पिंपापर्यंत न्यावा, पाणी लहान तांब्याने काढावे, झाडू लांब दांड्याचा घ्यावा, भाजी चिरणे आणि कणीक मळणे खुर्चीवर बसून टेबलापाशी करावे. वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागू लागली तर हृदयातील दाब वाढल्याची ती खूण असू शकते आणि ती डॉक्टरांना सांगण्याजोगी आहे.

तिसरा अडथळा रेल्वेचा. या शहरांचे पूर्व आणि पश्चिम भाग लोहमार्गाने वेगळे झालेले असल्यामुळे बँक, बाजार किंवा दवाखाना पलीकडे असला की पूल चढावाच लागतो. जिथे सरकता जिना किंवा लिफ्ट चालू असेल तिथे थोडा वळसा पडला तरी तीच वाट धरावी, आणि नसेल तर सपाट मार्गाने रिक्षा करावी. गाडी सुटताना दिसली तरी धावू नये. तपासणीसाठी मुंबईला जाणाऱ्यांनी शक्यतो गर्दीची वेळ टाळून अकरानंतरची गाडी घ्यावी, ज्येष्ठांसाठी राखीव आसन मागून घ्यावे, आणि बसल्या जागी दर काही मिनिटांनी पावले वरखाली हलवत राहावीत. या प्रवासात एक चूक सर्रास घडते: लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते म्हणून फ्युरोसेमाइड किंवा टोर्सेमाइडसारखी लघवीची गोळी त्या दिवशी घेतलीच जात नाही, आणि पाणी अंगात साठते. गोळी टाळण्याऐवजी ती परतल्यावर घेता येईल का, असे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. रोजच्या फिरण्यालाही हेच लागू आहे. गोळीचा जोर ओसरल्यानंतरची वेळ चालण्यासाठी निवडली की माणूस निर्धास्तपणे बाहेर पडतो.

ऊन, पाऊस, धूर

मार्च ते मे या काळात बदलापूर-अंबरनाथ भागातील उष्मा समुद्रालगतच्या मुंबईपेक्षा कितीतरी तीव्र असतो आणि पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. लघवीच्या गोळ्यांनी शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते, रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यात घाम गेला की उभ्या उभ्या चक्कर येते. या दिवसांत सकाळी सातच्या आत किंवा सूर्यास्तानंतर चालावे. दिवसाला किती पाणी प्यावे याची मर्यादा डॉक्टरांनी घातलेली असेल तर उन्हाळ्यात ती बदलायची का, हे त्यांनाच विचारावे. उष्मा झाला म्हणून मीठ-साखरेचे पाणी, ओआरएस किंवा मीठ घातलेले ताक मनाने पिऊ नये, कारण मीठ पाणी धरून ठेवते. पापड, लोणचे, फरसाण आणि खारी यांचे प्रमाण या भागातील जेवणात मोठे आहे, आणि सायंकाळच्या पापडाने आलेली सूज सकाळच्या चालण्याने उतरत नाही.

पावसाळ्यात निसरडे रस्ते, पाण्याखाली गेलेले खड्डे आणि वालधुनी किंवा उल्हास नदीच्या काठच्या वस्त्यांत शिरणारे पाणी यांमुळे बाहेरचे चालणे जून ते सप्टेंबर जवळजवळ बंद पडते, आणि चार महिन्यांत कमावलेले बळ निघून जाते. म्हणून घरातील फेऱ्यांची सवय मे महिन्यातच लावून घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तर ओल्या लादीवर पडणे विशेष धोक्याचे असते. डोक्याला मार लागला आणि वरून काही दिसत नसले तरी त्यांनी रुग्णालयात जावे. डिसेंबर-जानेवारीत याउलट पहाटेची घाई करू नये, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि सकाळचा धूर जमिनीलगत साचलेला असतो, तेव्हा ऊन वर आल्यावर निघावे. औद्योगिक वसाहतींच्या बाजूने रासायनिक वास येत असेल त्या दिवशी दारे-खिडक्या लावून घरातच चालणे शहाणपणाचे.

सपाट, सावलीची आणि बसायला बाक असलेली जागा निवडावी, मग ते उल्हासनगरचे गोल मैदान असो वा घराजवळची बाग. अंबरनाथमध्ये अनेकांची पावले शके ९८२ म्हणजे १०६० मध्ये बांधल्या गेलेल्या शिवमंदिराकडे वळतात, आणि सश्रद्ध माणसाला चालण्यासाठी याहून चांगले निमित्त नाही. केवळ एवढे लक्षात असावे की गाभारा खोल आहे, तिथे सुमारे वीस पायऱ्या उतरून जावे लागते आणि दर्शन घेऊन त्याच पायऱ्या चढून यायच्या असतात. ज्याला घराचा जिना अजून झेपत नाही त्याने वरूनच हात जोडावेत, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत तासन्‌तास रांगेत उभे राहणे तर टाळावेच.

बसल्या जागी करण्याजोगे

चालण्याइतकेच महत्त्व पायांतील बळाला आहे आणि ते कमावण्यासाठी एक भक्कम, भिंतीला टेकवलेली खुर्ची पुरते. हात छातीवर ठेवून, जमत नसेल तर खुर्चीच्या हातांचा आधार घेऊन, सावकाश उठावे आणि सावकाश बसावे; पाच वेळांपासून सुरू करून आठ-दहा वेळांपर्यंत जावे, आठवड्यातून दोन-तीन दिवस. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि अर्धा लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन कोपरातून हात वाकवणे हेही त्यात जोडावे. उठताना श्वास सोडायचा, हा नियम इथेही लागू आहे. पेसमेकर किंवा आयसीडी हे यंत्र नुकतेच बसवले असेल तर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर केव्हा न्यायचा ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. योगासने करणाऱ्यांनी श्वास रोखून धरणारे प्राणायाम, जोरकस कपालभाती आणि डोके खाली करण्याची आसने वगळावीत. संथ श्वसन आणि खुर्चीत बसून केलेले ताण चांगले आहेत. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि उठणे हा मोठा श्रम आहे, तेव्हा पूजा आणि सत्संग खुर्चीवर बसून व्हावेत, त्यात श्रद्धेला कोठेही उणेपणा येत नाही.

दिवसातील उरलेल्या वेळेचा विचारही हवा. घरातील माणसे सकाळच्या गाडीने जातात ती रात्री परततात, आणि ज्येष्ठ माणूस दहा-बारा तास दूरदर्शनसमोर बसून राहतो. सकाळी अर्धा तास चालूनही असे बसणे हानीचे असते. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे घरात फिरावे. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसावे, पावले दहा-बारा वेळा हलवावीत आणि मग उभे राहावे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या मंडळींबरोबर फिरणे मनाला उभारी देते, पण त्या समूहाने सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालण्याचा नियम केला तरच ते हृदयाच्या रुग्णाला मानवते.

थांबण्याच्या खुणा घरातील प्रत्येकाला, आणि सोबत फिरणाऱ्यालाही, माहीत असाव्यात. छातीत दाब किंवा वेदना, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत अचानक सुरू झालेली धडधड, किंवा बसल्यानंतरही दहा मिनिटांत न शमणारी धाप यांपैकी काहीही झाले तर बसावे किंवा पाठ उंच करून टेकावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी रुग्णाला चालवत जिना उतरवू नये. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर वजन करावे. तीन दिवसांत ते दोन किलोहून अधिक वाढले तर ती चरबी नसून साठलेले पाणी असण्याची शक्यता मोठी असते; त्या दिवशी व्यायाम न करता डॉक्टरांशी बोलावे. वजन, चाललेली मिनिटे, कोठे दम लागला आणि पायांवर सूज आहे की नाही, एवढ्या चार नोंदी वहीत ठेवल्या तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना गोळ्यांची मात्रा ठरवणे सोपे जाते.

ताप, सर्दी, लग्नकार्याची धावपळ किंवा रुग्णालयातील मुक्काम यांमुळे आठवडाभर खंड पडला तर जिथे थांबले होते तिथूनच पुन्हा सुरू करण्याचा मोह आवरावा. पूर्वीच्या निम्म्या मिनिटांनी आरंभ करावा, सोबतीला पहिले दोन-तीन दिवस कोणीतरी असावे, आणि दिवसभर एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी घराची एक किल्ली, औषधांच्या चिठ्ठीची प्रत आणि डॉक्टरांचा क्रमांक शेजारच्या घरी देऊन ठेवावा.